एडुआर्डचं मिग-२१, अल्क्लॅडची चांदी आणि ब्रशनं फासलेला हिरवा

विमानाच्या मॉडेलचा डबा उघडला तेव्हा अप्पांनी सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या सगळ्या फांद्या बाजूला सारल्या आणि नाकाचा शंकू शोधून काढला. करंगळीच्या दोन पेरांएवढा. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "हा हिरवा राहील. बाकी सगळी चांदी. आमच्याकडनं अशीच जायची."

अप्पा म्हणजे माझे वडील. ते १९६९ साली ओझरला एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात पेंट शॉपमध्ये लागले आणि २००७ साली तिथूनच निवृत्त झाले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे त्या गावाला नुसतं ओझर म्हणत नाहीत, ओझर मिग म्हणतात. कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच सोव्हिएत रशियाच्या परवान्यानं मिग-२१ बांधायला. पहिल्यांदा तिथे बनलं ते मिग-२१ एफएल, वायुसेनेच्या बोलीत टाइप ७७. माझ्या लहानपणी दुपारी छपरावरून आवाज गेला की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "गेलं बघ तुझ्या बाबांचं एक." २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त होणाऱ्या शेवटच्या मिगना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी दिली, तेव्हा अप्पा टीव्हीसमोर पाय खाली सोडून ताठ बसले होते आणि कार्यक्रम संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्याच आठवड्यात मी हे किट मागवलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि गेली नऊ वर्षं विमानांची मॉडेलं बनवते. या किटवर चार महिने गेले. किट, रंग, डिकल (पाण्यानं सरकवून बसवायची छापील चित्रं), वॉश (रेघांत सोडायचा पातळ गडद रंग) या सगळ्यांबद्दल एकत्र लिहिते आहे, कारण हे विमान त्यातल्या एकाच्या जोरावर झालेलं नाही.

किट एडुआर्ड या झेक कंपनीचं, १/४८ मापाचं, मिग-२१ पीएफ, प्रोफीपॅक, म्हणजे धातूचे जादा भाग आणि मास्क असलेला डबा. एफएल हे पीएफच्याच घरातलं, भारतासाठी ठरलेलं रूप, म्हणून हा डबा. घेताना एक गोष्ट नीट बघा. याच मालिकेत पीएफएम नावाचाही डबा मिळतो आणि दोन्ही नावं पटकन सारखी वाटतात. पीएफ आणि एफएलची काच वाऱ्याच्या तावदानासकट एकच असते आणि पुढच्या बाजूला उचलली जाते. पीएफएमची काच आडवी, बाजूला उघडते. काचेची चूक पुढे कितीही सुंदर रंगानं झाकत नाही. मला हा डबा सगळं धरून सहा हजारांच्या आसपास पडला. आमच्या घरात ही छोटी रक्कम नाही, पण त्या पैशांत काय मिळतं ते सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग. पॅनेलच्या रेघा केसासारख्या बारीक, आणि त्यांच्या कडेनं रिव्हेटच्या रांगा, प्रत्येक रिव्हेट सुईच्या टोकानं टोचल्यासारखा. मी विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे अप्पांच्या हातात दिले. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, पाठीवरून शेपटाकडे, आणि मग पंखाच्या मुळाशी येऊन थांबले. काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धातूच्या पातळ पत्र्यावर कोरलेले, आधीच रंगवलेले कॉकपिटचे भाग डब्यात आहेत. घड्याळांच्या काट्यांपर्यंत सगळं छापलेलं. काचेवर रंग लागू नये म्हणून चिकटवायचे कापलेले पिवळे मास्क आहेत. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तयार विमान जेमतेम पंधरा सेंटीमीटर भरतं, पण लांबीला पंचवीसच्या पुढे जातं. म्हणजे शोकेसच्या कप्प्याची खोली आधी मोजा.

हे पहिलं किट म्हणून घेऊ नये. धातूचे भाग चिमट्यानं दुमडायचे, काही तर तिळाएवढे. ज्याला अजून साधा सांधा पुट्टीनं भरून घासायचा सराव नाही, त्याचा धीर इथे सुटेल. दोन-तीन साधी किटं आधी करा, मग हा डबा उघडा. त्याचा आनंद तेव्हाच मिळेल.

कॉकपिटचा रंग हा मिगचा ओळखीचा हिरवट निळा. तयार बाटली मिळते, पण मी टामिया या जपानी कंपनीच्या बाटल्यांतून मिसळला. एक्सएफ-२ पांढऱ्याच्या दहा थेंबांना एक्सएफ-८ निळ्याचे चार आणि एक्स-५ हिरव्याचे तीन. लॅबमधल्या ड्रॉपरची सवय असल्यानं थेंब मोजणं मला सोपं जातं, आणि पुढच्या वेळी तोच रंग तसाच मिळतो. अप्पांनी बघून सांगितलं, "अजून जरा निळा." मी निळ्याचा पाचवा थेंब टाकला. जोडणी, घासणी, मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात मासेमारीचं शिसं, यावर फार लिहीत नाही. तीन आठवडे गेले, त्रास झाला नाही.

खरं काम चांदीपासून सुरू झालं.

धातूचा रंग खाली काय आहे ते उघडं पाडतो. साध्या रंगाखाली खपून जाणारा नखाएवढा ओरखडा चांदीखाली रस्त्यासारखा दिसतो. म्हणून मी सांधे दोन हजार नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरपर्यंत घासले, त्यावर मिस्टर सरफेसर १५०० हा प्रायमर, आणि मग जीएक्स-२ उएनो ब्लॅक, हा मिस्टर कलरचा चकचकीत काळा. तो लेव्हलिंग थिनरमध्ये भरपूर पातळ करून मारला की पाण्यासारखा सपाट बसतो. अल्क्लॅड हा माझा धातूचा रंग. त्याच्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की त्याच्या प्रत्येक छटेखाली काळा चकचकीतच हवा. तसं नाही. पॉलिश्ड अॅल्युमिनियम किंवा क्रोमसारख्या आरसा छटांना तो हवाच. साधा अॅल्युमिनियम किंवा ड्युरॅल्युमिनियम चांगल्या करड्या प्रायमरवरही बसतो. मला हे विमान क्रोमच्या भांड्यासारखं नको होतं. कारखान्यातून निघालेल्या पत्र्यासारखं हवं होतं. तरीही मी काळा निवडला, कारण त्यावर चांदी पातळ मारली की खोली येते.

अल्क्लॅड पातळ करावा लागत नाही, बाटलीतून थेट एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनच्या कपात. फक्त बाटली हलवत राहायची, कारण धातूची भुकटी तळाला बसते. दाब बारा ते पंधरा पीएसआय, थर इतका पातळ की पहिल्या फेरीत वाटतं काही आलंच नाही. तिसऱ्या फेरीला काळ्यातून पत्रा वर येतो. तो क्षण मी अप्पांना बोलावून दाखवला. ते जवळ आले, वाकले आणि म्हणाले, "मागचा भाग वेगळा असतो गं. तिथे उष्णता असते."

तेच पुढचे दोन आठवडे. सगळ्या अंगाला अल्क्लॅडचा अॅल्युमिनियम. पंखाच्या काही पॅनेलना ड्युरॅल्युमिनियम, किंचित उबदार. पोटाखालच्या दारांना व्हाइट अॅल्युमिनियम. शेपटीकडे, इंजिनाच्या तोंडाजवळच्या पट्ट्यांना डार्क अॅल्युमिनियम आणि त्यावर पेल बर्न्ट मेटलचा हलका धूर. नळीच्या आत जेट एक्झॉस्ट. प्रत्येक पॅनेलला टामियाचा टेप लावायचा, आणि टेप लावण्याआधी तो तळहातावर दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी करायचा. नाहीतर टेपबरोबर चांदी येते. छटांमधला फरक मी मुद्दाम कमी ठेवला. पुष्कळ मॉडेलांत दर पॅनेल वेगळ्या धातूचं दिसतं, गोधडीसारखं. विमान एका पत्र्याच्या गठ्ठ्यातून बनतं, दहा नाही.

वासाबद्दल सांगितलंच पाहिजे. हे लॅकर आहे. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मुखवटा हवा, आणि खिडकीला बाहेर फेकणारा पंखा. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर हा रंग बाल्कनीतसुद्धा मारू नका. अप्पांचा खोकला जुना आहे. मी मारत असताना ते खालच्या मजल्यावर बसायचे आणि वास गेल्यावर वर यायचे.

इथे माझी एक चूक झाली ती लिहिते. मी शेवटच्या क्लिअरसाठी, म्हणजे वरच्या पारदर्शक थरासाठी घाई केली. ऑगस्टमधल्या एका कामाचा अनुभव असूनही ढगाळ, दमट दिवशी एका पंखावर मिस्टर कलरचा जीएक्स-१०० सुपर क्लिअर मारला, आणि दहा मिनिटांत त्यावर दुधासारखी साय आली. लॅकर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यात अडकतं. पोटात गोळा आला. उपाय असा निघाला की दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा फक्त लेव्हलिंग थिनरचा अगदी पातळ फवारा मारला. त्यात सुकणं लांबवणारा घटक असतो, थर पुन्हा थोडा मऊ झाला, ओलावा निघून गेला आणि साय विरघळली. चांदीची लकाकी त्या पंखावर जराशी कमी राहिली, आणि दुसरा पंख मी तिच्याशी जुळवून घेतला. तेव्हापासून लॅबमधला एक जुना आर्द्रतामापक टेबलावर ठेवला आहे. साठच्या वर काटा असेल तर एअरब्रश बाहेर काढत नाही.

आता डिकल. भारतीय गोल आणि आकड्यांसाठी मी वेगळा कागद मागवला. पहिला एका घरगुती छपाईवाल्याकडून घेतला, त्याचं नाव इथे देत नाही. केशरी जवळपास गुलाबी होता, आणि गोलाखाली पांढऱ्या शाईचा थरच नव्हता. कागदावर असताना हे कळत नाही. चांदीवर ठेवलं की खालून धातू झिरपतो आणि आपला तिरंगी गोल मळकट फडक्यासारखा दिसतो. मी तो एक गोल पंखावर बसवून अप्पांना दाखवला. त्यांनी एकदाच बघितलं. "काढ," म्हणाले. चिकटपट्टीनं उचलला. त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं ते गोल काढले आहेत. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, आणि त्या केशरीची त्यांच्या डोळ्यात एकच जागा आहे.

दुसरा कागद पुण्याहून आला. छापणाऱ्यानं आधीच विचारलं होतं, "ताई, चांदीवर लावणार की रंगावर?" चांदीवर म्हटल्यावर त्यानं पांढऱ्याचा दुहेरी थर दिला. फरक पहिल्याच गोलात दिसला. भारतीय विमानाचे डिकल मागवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मागवताना खाली पांढरा आहे का, एवढं विचारा. उत्तर देणाऱ्याचा सूर ऐकूनच कागद कसा असेल ते कळतं.

एडुआर्डच्या स्वतःच्या कागदावरच्या बारीक खुणा, म्हणजे जागोजागीच्या सूचनांची अक्षरं, अतिशय स्पष्ट छापलेल्या आहेत. पण मी त्या सगळ्या लावल्या नाहीत. माझ्याकडच्या जुन्या फोटोंत ज्या ठिकाणी काहीतरी लिहिलेलं दिसतं, तेवढ्याच ठिकाणी लावल्या.

लावण्याची पद्धत. आमच्या नळाचं पाणी जड आहे, सुकल्यावर पांढरा डाग ठेवतं, आणि चांदीवर तो डाग उठून दिसतो. म्हणून लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर, कोमट करून. खाली डिकल चिकटवणाऱ्या मिस्टर मार्क सेटरचा थेंब, त्यावर डिकल सरकवायचं, ओल्या ब्रशनं मधून कडेकडे पाणी काढायचं. पाच मिनिटांनी वरून ते मऊ करणारा मिस्टर मार्क सॉफ्टर. सॉफ्टर लागल्यावर डिकलला सुरकुत्या पडतात आणि जीव घाबरतो. तेव्हा हात मागे घ्यायचा. बोट लावलं तर ते फाटतं. अर्ध्या तासात ते आपोआप ताणून बसतं आणि सकाळी बघितलं तर रिव्हेटच्या टोचण्या त्या केशरीतून दिसतात. रंगानं काढल्यासारखं. या दोन बाटल्यांना माझे पूर्ण गुण. वर्षभर पुरतात.

यानंतर मी नेहमीचा क्रम मोडला. सर्वसाधारणपणे रंग, मग क्लिअर, मग डिकल, मग वॉश. इथे डिकल आधी आणि हिरवा रंग नंतर. कारण खऱ्या विमानावर तसंच झालं.

१९७१ सालची गोष्ट. ओझरहून निघालेली एफएल चंदेरी होती, उन्हात मैलभरावरून चमकणारी. युद्ध तोंडावर आल्यावर हवाई तळांवरच त्यांच्यावर घाईनं हिरवे पट्टे, लाटा, ठिपके फासले गेले. ठरलेला नमुना नव्हता, म्हणून एका स्क्वॉड्रनचं विमान दुसऱ्यासारखं नाही. या विमानांना आतली तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ ही तोफेची पेटी टांगावी लागायची. तरी १२ डिसेंबरला ४७ स्क्वॉड्रनच्या मिगनं कच्छच्या आखातावर तोफेनंच पाकिस्तानचं एक स्टारफायटर लढाऊ विमान पाडलं, आणि १४ डिसेंबरला मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्न्मेंट हाउसवर ५७ मिलिमीटरची रॉकेटं सोडली. दोन दिवसांत शरणागती झाली. अप्पा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी ते युद्ध रेडिओवर ऐकलं आणि काही महिन्यांनी आपल्याच हातची विमानं परत बघितली. "आम्ही आरशासारखं करून पाठवलेलं," ते सांगत होते, "आणि परत आलं तेव्हा शेणानं सारवल्यासारखं. ब्रशचे केस चिकटलेले होते गं त्यात. हेडमिस्त्री चिडला. मग एकानं सांगितलं कुठून आलंय ते. मग कोणी काही बोललं नाही."

मला ते विमान बनवायचं होतं.

पहिला प्रयत्न एअरब्रशनं केला. कडा मऊ, नक्षी सुरेख, आणि सगळंच खोटं. अप्पांनी मान हलवली. अजून ओला होता तोवर सगळा हिरवा काढून टाकला, आणि इथे लॅबचं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कामाला आलं. खालचा सुपर क्लिअर लॅकर आहे, पूर्ण वाळलेला. वरचा टामियाचा एक्सएफ-६१ डार्क ग्रीन अॅक्रिलिक आहे. अल्कोहोल वरच्याला सोडवतं आणि खालच्याला धक्का लावत नाही. एक रात्र मी ती साधी गोष्ट वापरून चांदी जशीच्या तशी परत आणली, आणि तेव्हाच डोक्यात आलं की झिजही याच वाटेनं करता येईल.

दुसऱ्यांदा ब्रश घेतला. टामियाचं अॅक्रिलिक फवाऱ्यानं जास्त चांगलं बसतं. ब्रशनं लावताना दुसरा हात पहिल्याला उचलतो आणि रेघा उठतात. एरवी हे टाळायला त्यात रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव घालतात. इथे मला त्या रेघाच हव्या होत्या. जरा जाडसर चार नंबरचा ब्रश, रंग थोडा घट्ट, आणि हात खऱ्या माणसासारखा फिरवायचा. शिडीवर उभा राहिलेला माणूस पाठीपर्यंत कसा पोचेल, कुठे त्याचा हात पुरणार नाही, गोलापाशी आल्यावर तो कसा जपून वळसा घेईल. पंखाच्या वर पट्टे जवळजवळ सरळ आले, कारण तिथे वाकून लावावं लागतं. शेपटीच्या वरच्या टोकाला रंग विरळ झाला. अप्पा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मधेच म्हणाले, "घाई कर. त्यांना वेळ नव्हता." मी रेडिओ बंद केला आणि उरलेला डावा पंख वीस मिनिटांत संपवला. तोच सगळ्यात चांगला झाला आहे.

दुसऱ्या दिवशी, रंग वाळला पण पुरता घट्ट झाला नव्हता तेव्हा, कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून, जवळजवळ कोरडी करून, जिथे हात आणि वारा लागतो तिथे घासलं. पंखाची पुढची कड. कॉकपिटच्या डाव्या बाजूला शिडी टेकते ती जागा. पाठीवरचं इंधन भरायचं झाकण आणि त्याभोवती वीतभर, म्हणजे मापात जेमतेम पाच मिलिमीटर. नाकाच्या तोंडाची कड. हिरव्यातून चांदी वर आली ती कुठेही रंगवलेली चांदी नाही, खालचीच खरी चांदी आहे. वरचा रंग नंतर खरवडता यावा म्हणून खाली हेअरस्प्रे मारायची जी पद्धत लोक वापरतात ती मी इतर मॉडेलांवर वापरली आहे, फवाऱ्यानं मारलेल्या रंगाला ती छान आहे. पण ब्रशच्या ओल्या रंगाखाली हेअरस्प्रे आधीच विरघळतो. इथे अल्कोहोलच बरं.

वॉशसाठी टामियाचा पॅनेल लाइन अॅक्सेंट घेतला, ग्रे. काळा नाही. झाकणातल्याच बारीक ब्रशनं रेघेवर टेकवला की तो आपोआप रेघेतून धावतो, हे बघायला मला नऊ वर्षांनंतरही आवडतं. तो इनॅमल आहे, म्हणून एक काळजी घ्यायची. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या सांध्यावर तो साचू द्यायचा नाही. प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. क्लिअरच्या थरावर मात्र निर्धास्त वापरा. जास्तीचा मिनरल स्पिरिट लावलेल्या काडीनं पुसायचा, वारा वाहतो त्या दिशेनं, पुढून मागे.

चाकांच्या कप्प्यांमागचे हायड्रॉलिकचे ओघळ, पोटाखालचा मळ आणि शेपटीचा उबदार तपकिरी रंग यांना मी परदेशी बाटल्या घेतल्या नाहीत. कॅमलच्या तेलरंगांच्या ट्यूब, बर्ण्ट अंबर आणि काळा, शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून. पुठ्ठ्यावर पिळून रात्रभर ठेवल्या की जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंग मॅट वाळतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या ब्रशनं ओढला तर इतका पातळ पसरतो की डोळ्याला डाग दिसत नाही, फक्त जागा जुनी वाटते. ज्यांचं बजेट किटवरच संपतं त्यांनी या दोन ट्यूब घ्याव्यात. वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दाखवायच्या नावानं विकल्या जाणाऱ्या महागड्या संचांची गरज मला एकदाही पडली नाही.

इथे अप्पांचा आणि माझा एकमेव वाद झाला. मी पोटाखाली जरा जास्त ओघळ काढले. फोटोत छान दिसत होतं, खोली येत होती. त्यांनी मॉडेल उलटं करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे कोणाचं विमान आहे? याला कोणी पुसत नाही का?" मी म्हटलं, अप्पा, युद्धातलं आहे. ते म्हणाले, "युद्धातलं आहे म्हणून तर जास्त पुसतात. पोरं रात्रभर टॉर्च घेऊन खाली असतात. कुठून गळतंय ते कळायला आधी पुसावं लागतं." रंग घाईत लागला होता, निगा घाईत नव्हती. ही गोष्ट कुठल्याही वेदरिंगच्या सूचनेत मला मिळालेली नव्हती. मी स्पिरिटनं जवळजवळ सगळं काढलं. दोन ओघळ ठेवले, तेही पुसल्याच्या फराट्यासकट. आता तिथे डाग नाही, डाग पुसणारा हात दिसतो. मॉडेलचा सगळ्यात खरा भाग मला तोच वाटतो, आणि शोकेसमध्ये ठेवल्यावर तो कोणालाही दिसत नाही.

शेवटी काचेचे पिवळे मास्क काढले, कडा स्वच्छ निघाल्या, एकही रेघ दुरुस्त करावी लागली नाही. चाकांच्या तबकड्या हिरव्या. नाकाचा शंकूही हिरवा, पण तो कारखान्याचा, फवाऱ्यानं मारलेला, सपाट, आणि त्याच्या मागे लगेच ब्रशनं फासलेला दुसरा हिरवा सुरू होतो. दोन हिरवे शेजारी आहेत हे बघणाऱ्याच्या लक्षात येतं की नाही माहीत नाही. अप्पांच्या आलं.

चार महिन्यांत किट धरून साडेदहा हजारांच्या आत खर्च झाला, त्यात अल्क्लॅडच्या सहा छोट्या बाटल्या आहेत आणि त्या प्रत्येकीत अजून अर्ध्याहून जास्त रंग उरला आहे. एडुआर्डचं किट मी पुन्हा घेईन. घेतलंच आहे. डिकलच्या कागदावर आकड्यांचा एक संच शिल्लक आहे, आणि काल संध्याकाळी अप्पांनी उएनो ब्लॅकची बाटली उजेडात धरून हलवून बघितली, किती उरलाय ते. "या वेळी हिरवा नको," म्हणाले. "गेटबाहेर पडताना होतं तसं कर."